दादाचा पासवर्ड

पंपांच्या कारखान्यात नवी संगणक प्रणाली आली तेव्हा सगळ्यात जास्त नाचला तो धाकटा. तो खरेदी विभागात होता आणि त्याचा थोरला भाऊ, दादा, तिथलंच स्टोअर सांभाळायचा. "आता सगळा कारखाना एका धाग्यात," धाकटा भेटेल त्याला ऐकवायचा. "स्टोअरने मागणी घातली की ऑर्डर आपोआप जाते, हिशेबाला कळतं, माल दारात. कुणाच्या टेबलावर कागद अडकायला नको." खोटं नव्हतं ते. फक्त त्या टेबलांवरची माणसं कागद अडवून कधीकधी "अहो, हे काय लिहिलंय?" असंही विचारायची, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दादा मुकाट्याने शिकला. एका बोटाने टाइप करायचा, पण प्रत्येक ओळ पुन्हा वाचून. पासवर्ड त्याने धाकट्याला सांगून ठेवला होता. "मी विसरलो तर तुला माहीत असू दे," म्हणाला होता.

एका दुपारी प्रणाली शिकवायला आलेले साहेब हसत म्हणाले, "सगळ्यांचं झालं, तुमच्या दादांचं घोडं अडलंय." धाकट्याला ते झोंबलं. दादा जेवायला गेला होता. धाकटा त्याच्या खुर्चीत बसला, दादाच्या नावाने आत शिरला आणि उरलेल्या मागण्या धडाधड भरून टाकल्या. रबरी वायसर, पाचशे. पुढच्या चौकटीत 'नग' निवडायचं होतं, घाईत 'किलो' निवडलं गेलं. दादा जेवून आला तो थेट माल उतरवून घ्यायला गेला, आणि त्याला सांगायचं राहून गेलं.

मग एक दिवस वायसरांनी भरलेला टेम्पो दारात उभा राहिला. नातवंडांनी पंप बनवले असते तरी संपले नसते एवढे वायसर. मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून स्क्रीनवर मागणी उघडली. समोर दादाचं नाव. धाकट्याला ती दुपार आठवली. तो तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "नाव माझं आहे, म्हणजे मीच केलं असणार. पण बाई, मला केल्याचं आठवतच नाही हो."

धाकट्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. प्रणालीचे ढोल बडवणारा तोच, आणि पहिली माती खाणाराही तोच, हे चारचौघांत कसं सांगायचं? संध्याकाळी दादाला एकट्याला गाठू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी ठरवलं, उद्या. भित्र्या माणसाला उद्याचा दिवस फार आवडतो.

त्याच रात्री जेवणं होताहोता वहिनीचा फोन आला.

"भावजी, यांना काय झालंय हो? गॅस बंद केला का म्हणून सारखे उठून बघतायत. मघाशी भिंतीकडे तोंड करून सगळ्यांची नावं म्हणत होते. मुलांची, माझी, तुमची. म्हणतात, बाबांसारखंच सुरू झालं. उद्या बाईंना स्टोअरच्या किल्ल्या देऊन टाकणार आहेत."

धाकट्याच्या हातातला घास हातातच राहिला. शेवटच्या वर्षांत बाबा दोघा भावांना दारात उभं करून विचारायचे, "तुम्ही कुणाचे?" दादा दरवेळी न चिडता सांगायचा, "तुमचेच, बाबा." तोच दादा आता स्वतःच्या डोक्याला घाबरला होता, आणि ती भीती धाकट्याने त्याला फुकटात दिली होती. त्याला स्वतःची किळस आली.

सकाळी तो स्टोअरमध्ये गेला तेव्हा दादा खण रिकामा करत होता. चष्म्याचं घर, कंगवा, डबा टेबलावर मांडलेला.

"दादा, ती वायसरांची मागणी मी घातली होती," धाकटा एका दमात म्हणाला. "तू जेवायला गेला होतास. तुझ्या नावाने. तुला आठवणार कुठून? तू केलंच नव्हतंस."

दादाने एक कानाखाली वाजवावी, असं धाकट्याला फार वाटत होतं. पण दादाचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही रे."

"नक्की?"

"नक्की, दादा."

दादा मटकन खुर्चीत बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने आधी बायकोला फोन लावला. "अगं, मी ठीक आहे! ठणठणीत आहे!" ते ऐकताना धाकट्याला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मार परवडला असता.

फोन ठेवून दादाने चष्म्याचं घर, कंगवा, डबा परत खणात ठेवला.

"बाईंना तू सांगशील."

"आत्ताच जातो."

"थांब. पासवर्ड बदलायचा कुठून, ते दाखव आधी."

धाकट्याने पुढे वाकून ती चौकट उघडून दिली. दादाने चष्मा चढवला, एक बोट उचललं, आणि थांबला. आवाज चढवला नाही.

"तिकडे तोंड कर," तो म्हणाला.

धाकटा भिंतीकडे वळला. मागे एक एक बटण सावकाश वाजत होतं.