आजारी पडायची ओळ

वांगेचीनं गव्हाच्या ताटावरून बोट फिरवलं. तांबेऱ्यानं बोट विटकरी व्हायला हवं होतं, स्वच्छच राहिलं. तिनं पुढचं ताट पुसलं, तरी तेच.

न्जोरोच्या या गहू संशोधन केंद्रावर तांबेरा हा रोग लेकरासारखा जपत. नव्या वाणांच्या ओळींमध्ये अधूनमधून एकेक ओळ खास आजारी पडायलाच पेरलेली असे. ती माखली की रोग शेजाऱ्यांकडे सरके आणि कोण किती पाण्यात आहे ते कळे. तेवीस वर्षं या दुबळ्या ओळी वांगेचीच्या हातच्या होत्या. निवृत्ती तीन महिन्यांवर आलेली, आणि यंदाच एक ओळ ठणठणीत उभी.

"मावशी, ही नवरीसारखी नटून का उभी?" मागून केंद्राचा शास्त्रज्ञ डॉक्टर किपरोनो म्हणाला. "माझा सात वर्षांचा लाडका वाण लोळतोय, आणि ही?"

"पाणी कमी पडलं असेल, साहेब."

"रोज पाऊस पडतोय!"

वांगेचीनं मान खाली घातली.

"बी उंदरांनी खाल्लं हो. शेवटच्या ओळीला पुरेना. म्हटलं, आजारीच पडायचंय, मग कुठलं का असेना. घरचं टाकलं."

एवढं बोलून ती केंद्राचे गमबूट काढायला लागली. नोकरी गेली तर निदान बूट चोरल्याचा आळ नको.

किपरोनो मात्र चिखलात गुडघे टेकून एकेक ताट पुसून बघत होता.

"बूट घाला आधी. आणि वही आणा. हा वाण कुणाचा म्हणून लिहू? तुमचा?"

वांगेचीनं बुटात पाय घातला, काढला, पुन्हा घातला. या गव्हाची चपाती चामड्यासारखी होते, असं ती भर पंगतीत बोलली होती. तेव्हापासून अकरा वर्षं सासूशी अबोला. तरी म्हातारी दर सुगीला लेकाच्या हाती डबाभर गहू धाडी, आणि वांगेची तो गुपचूप कोंबड्यांना घाली.

"वाइरिमू लिहा," ती अखेर म्हणाली. "माझी सासू."

"आणखी बी लागेल. मी जाऊ मागायला?"

"नको. तुम्हाला चहासुद्धा विचारायची नाही ती."

रविवारी साखरेची पुडी घेऊन वांगेची टेकडी चढली. म्हातारी अंगणात शेंगा सोलत होती. तिनं साखर घेतली, सुनेला स्टूल सरकवलं आणि मान वर न करता विचारलं,

"काय गं, कोंबड्यांना पुरला नाही वाटतं?"