तीन बोटांची मूठ

"हसा रं हसा! तुमच्या बापानं कधी गाईचं मूत तोललं व्हतं का?" बालदी सावरत भिमाजी कुंपणापलीकडच्या लोकांवर खेकसला.

हसतील नाही तर काय करतील बिचारे? निफाडकडची हाडं गोठवणारी थंडी, आणि साठीचा म्हातारा चंद्री गाईच्या शेपटीमागं बालदी धरून ताटकळलेला! पण संशोधन केंद्रातल्या तेजस्विनी मॅडमना त्यानं शब्द दिला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, पेंडीतला नत्र दुधात थोडाच उतरतो, बाकीचा मुतावाटे वाया जातो. पेंड कमी करून दूध तेवढंच राहतं का, ते बघायचंय."

"म्हंजी आमी गोठ्यातच युरिया वततोय म्हना की!" भिमाजीला लगेच पटलं. गोठ्यातल्या सगळ्याच गाईंना पेंड तोलून घालायची ठरली, दूध आणि मूत बाटल्यांतून तपासायला जाऊ लागलं.

पटलं खरं, पण मनात सल होता. चंद्री गोजराबाईची. ती भिमाजीची बायको; तिला जाऊन तीन वर्षं झालेली. दहाव्याला कावळा शिवता शिवेना. "तुझ्या चंद्रीला काय कमी पडू देनार नाय," असं भिमाजी रडत बोलला, तेव्हा कुठं पिंडाला चोच लागली. आणि आता त्याच चंद्रीच्या तोंडची पेंड तो कमी करत होता. धार काढताना त्याला मागं बांगड्या वाजल्यासारखं व्हायचं. वळून बघावं तर कोणी नाही.

पंधरा दिवसांनी मॅडम आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. "काका, बाकीच्या गाईंचं जुळतंय. चंद्रीच्या मुतात मात्र नत्र जास्त येतोय. जादा पेंड कोण घालतं?"

"पोरगा ओझरला कारखान्यात. माझ्याबिगर पेंडीला कोन हात लावतंय? तुमच्या गळ्याची आन, मॅडम!"

मॅडमनी पेंडीचं पोतं तोललं. दर धारेला साठ ग्रॅम जादा गेली होती.

भिमाजी पोत्याशेजारी खाली बसला. "ती आली. म्या वचान मोडलं म्हून माघारी आली. सुटली नाय हो माझी गोजरा!"

त्याची सून शुभांगी शेणाच्या हातानं दारात उभी होती. तिला राहवेना. "आबा, कोनी नाय येत. तुमीच घालता."

"मी? येडी का खुळी तू?"

"रोज बघते मी. धारेला बसायच्या आधी तुमचा हात पोत्यात जातो. 'घे गं, माझ्या वाटनीची' म्हनता. आत्याबाई म्हनायच्या तसंच. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

भिमाजी आपल्या तळहाताकडं बघत राहिला. मग उठला, पोत्यात हात घातला आणि गच्च मूठ भरून काट्यावर टाकली.

एकशे दहा ग्रॅम.

"एवढी नाही हो काका," मॅडम म्हणाल्या.

"बघा! माझी मूठ नव्हंच ती!"

"आबा, तुमी अशी नाय भरत." शुभांगी पुढं झाली. "तीनच बोटांनी भरता."

गोजराबाईच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कडबाकुट्टीच्या मशीनात गेलं होतं. मॅडमना हे ठाऊक नव्हतं. शुभांगीनं हळूच सांगितलं.

भिमाजीनं डोळे मिटले. "घे गं, माझ्या वाटनीची," तो पुटपुटला, आणि हात पोत्यात गेला. वर आला तेव्हा दोन बोटं तळव्यात घट्ट मिटलेली होती. पेंड काट्यावर पडली.

साठ.

चंद्री मान वळवून हंबरली.

"लिवा मॅडम," भिमाजी म्हणाला. "चंद्रीला तुमचा खुराक, अन् वर गोजराची मूठ. दोनी धारांना. मुतात वाया गेली तं जाऊ द्या."

मॅडमनी लिहून घेतलं. भिमाजीनं डोळे पुसायला हात वर नेला, पण ती दोन बोटं काही केल्या उघडेनात.