गरम रसाचा गंज

मी जयवंताबाईंच्या रुखवतातला पितळेचा गंज बोलतोय. आमच्या नागपुरात पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडाला चढतो तो वेगळा, त्याच्याशी माझी सोयरीक नाही. माझ्या काठाखाली टोचून नाव घातलंय, 'जयवंता, १९८१'. त्या नावामुळे मी स्वतःला जरा जास्तच समजत आलो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

सुरुवातीची वर्षं माझ्यात वरण शिजलं, पाहुण्यांसाठी खीर झाली. पण माझं खरं भाग्य उजळलं ते मधुसूदनरावांमुळे. हे जयवंताबाईंचे यजमान, अजनीला रेल्वेत फिटर होते. डिसेंबरात सकाळची पाळी करून घरी यायचे तेव्हा त्यांची बोटं इतकी गारठलेली असत की शर्टाची गुंडी निघत नसे. त्यांच्या बहिणीची काटोलकडे संत्र्याची बाग होती. बाजारात न खपणारी बारकी फळं ती पोतं भरून पाठवायची. गारठलेल्या माणसाने थंड संत्रं खायचं कसं, या विचारातून त्यांनी गरम रस शोधून काढला.

त्यांना स्वयंपाकातलं दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं. चहासुद्धा उतू घालवायचे. जयवंताबाई सगळ्यांना सांगत, "इतके वर्षं झाले, पण हा माणूस गॅसजवळ फक्त संत्र्यासाठी येते."

रसाचे मात्र त्यांचे नियम कडक. आधी माझ्यात पाणी, गूळ, दालचिनी, चार लवंगा, थोडे मिरे आणि सुंठ. सगळं खळखळ उकळून अर्धं झालं की मला खाली उतरवायचं. मग पातळ कपड्यातून पिळलेला संत्र्याचा रस ओतून वर झाकण. रस विस्तवावर कधीच चढवायचा नाही, नाहीतर कडवट होतो. मिक्सरला तर त्यांनी स्वयंपाकघरातून जवळजवळ हद्दपार केलं होतं, कारण त्यात बिया चिरडतात.

म्हणून बिया हाताने काढायच्या. आणि त्या एकट्याने काढायच्या नाहीत. त्या वेळी घरात जो येईल त्याच्यासमोर ताटली आणि मूठभर फोडी ठेवल्या जात. शेजारी, जावई, मीटर बघायला आलेला माणूस, कुणाची सुटका नसे. "बी राहिली तं रस कडू होते, मंग मले बोलू नका," मधुसूदनराव बजावायचे. तासभर गप्पा चालत, बोटं चिकट होत, आणि मग माझं झाकण उघडलं की सगळे एकदम गप्प होत. दालचिनी आणि संत्र्याचा तो वास मला आजही हवाहवासा वाटतो. मी त्या घरातला सर्वांत लाडका गंज होतो.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो तोवर दर दोन वर्षांनी कल्हईवाला दारावर यायचा. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचं तर आतून कल्हईचा पांढरा थर लागतोच. नाहीतर पदार्थ कळकतो, हिरवट होतो, पोटात ढवळतं. पुढे मधुसूदनराव निवृत्त झाले, आम्ही मानेवाड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो. तिसऱ्या मजल्यावर कल्हईवाल्याची हाक पोहोचत नाही. खरं म्हणजे तो त्या भागात येतच नव्हता.

आणि मग ती दिवाळी आली. जयवंताबाईंचा स्वभाव असा की भांडं लखलखलं नाही तर त्यांना झोप लागत नाही. दरवर्षी त्या मला बाहेरून चिंचेने घासत. त्या वर्षी त्यांनी आत डोकावून पाहिलं. आत तो जुना मळकट पांढरा थर. त्यांना वाटलं, डाग आहे. दोन दिवस तारेच्या घासणीने त्यांनी मला आतून घासलं. शेवटी आतूनही पिवळाधमक निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "पाहा, सोन्यावानी झाला." मीही हरखलो. माझा थर गेलाय हे मला कळत होतं, पण कौतुकापुढे मला दुसरं काही सुचलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

महिन्याभराने थंडी पडली. मधुसूदनरावांनी रस केला, झाकण ठेवलं, आणि सगळे जमेपर्यंत दोन तास तो माझ्यात तसाच राहिला. पहिला पेला नेहमीप्रमाणे नातीला, नूपुरला. ती तेव्हा सात वर्षांची होती. बाकीच्यांचे पेले भरायच्या आतच तिला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत पोर मलूल होऊन पडली. डॉक्टर म्हणाले, काहीतरी बाधलंय.

"बाबा, आता राहू द्या तुम्ही," मुलगा जितेंद्र म्हणाला. "पोरीले काही झालं असतं तं?"

जयवंताबाई रागाने बोलून गेल्या, "काय टाकलं काय माहीत. हात गेला तुमचा आता."

मधुसूदनरावांनी उरलेला रस स्वतः मोरीत ओतला, मला विसळलं आणि माळ्यावर ठेवलं. मी ओरडून सांगायला हवं होतं की दोष माझा आहे. पण गंजाला कुठे तोंड असतं!

तीन हिवाळे मी माळ्यावर काढले. काटोलहून पोतं आलं की लगेच शेजाऱ्यांत वाटलं जायचं. बिया काढायला कुणी बसत नव्हतं. खालून आवाज यायचे. नूपुर म्हणायची, "आबा, संत्रं सोलून द्या ना." आणि आबा म्हणायचे, "आईले सांग, बेटा."

यंदा माळा आवरायला काढला. जयवंताबाई मला पिशवीत घालून गांधीबागेच्या मागच्या गल्लीत मोडीत द्यायला घेऊन गेल्या. तिथे भांडी मोडीत घेणारे आणि कल्हईही करणारे एक म्हातारे चाचा बसले होते. त्यांनी मला उजेडाकडे तिरपं धरलं.

"मोडीत काहून देता, बाई? पितळ मजबूत आहे. फक्त कल्हई पुरी निघाली. कोणी घासली?"

"मीनंच. दिवाळीले."

"मंग याच्यात आंबट काही ठेवलं नाही ना? पोट बिघडते, उलट्या होतात."

जयवंताबाईंना नूपुरच्या उलट्या आठवल्या. मला मोडीत टाकून त्या घरी गेल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्यापुढे कधी चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. त्यांनी मला उचलून परत चाचांपुढे ठेवलं. मग म्हणाल्या, "कल्हई करून द्या."

भट्टी फुलली, नवसागराचा पांढरा धूर झाला, कथील माझ्या आतून सगळीकडे फिरलं. चटका बसला, पण मी हूं की चूं केलं नाही.

मधुसूदनराव बाल्कनीत पेपर वाचत होते. जयवंताबाईंनी चपलाही काढल्या नाहीत. मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचा हात नव्हता गेला. मीच कल्हई घासून काढली होती. अन् बोल तुमाले लावला."

त्यांनी माझ्या आतून हळूहळू बोट फिरवलं. "तीन वर्षं मी पोरीले पाण्याचा गिलासही नाही देल्ला वं," ते म्हणाले. "भेव वाटे मले, माह्या हाताचं."

जयवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

रविवारी रस झाला, तीनच पेले. नूपुर पेला घेऊन पुढे आली, तर मधुसूदनरावांनी तिला थांबवलं. आधी स्वतः एक पेला संपवला. जयवंताबाईंनी हात पुढे करून दुसरा घेतला आणि त्याही प्यायल्या. मग दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. पूर्ण एक तास. नूपुर तीनदा येऊन "झालं का?" विचारून गेली. तासाने मला गरम पाण्याच्या परातीत बसवून रस पुन्हा ऊन केला, आणि मग आबांनी नातीचा पेला भरला. भरताना थोडा रस सांडला. तिने घटाघट पिऊन पेला पुढे केला.

"आबा, अजून."

"रस सरला," मधुसूदनराव म्हणाले. "उद्या करून देतो."

आता मी ओट्यावर असतो, गॅसच्या डावीकडे. मला कुणी आतून घासत नाही. बाहेरून थोडा काळवंडलोय, पण तक्रार नाही. वाचकहो, तुमच्याकडे एवढंच मागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातचं कधी बिघडलं, तर हात गेला म्हणण्याआधी एकदा भांड्याच्या आत बघा. त्या वयाला तीन हिवाळे फार होतात.