गढूळ पाणी

सकाळी सात वाजता वन्संनी बरणीतलं पाणी सिंकमध्ये ओतलं, नळाचं ताजं पाणी भरलं आणि बरणी पुन्हा ओट्यावर ठेवली. कोबी, गाजर आणि मुळ्याचे काप आता लख्ख दिसत होते. भावजय तेव्हा अंघोळीला गेली होती.

ही भावजय एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. मिठाच्या पाण्यात भाज्या आंबवायला ती तिथेच शिकली. घरात त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. पण सासरे आजारातून उठले, त्यांच्या तोंडाची चव गेली, ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं, तेव्हा असली बरणीच कामी आली. डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला सांगितलं होतं. म्हणून ती काप धुऊन, घट्ट पिळून, बिनमिठाच्या कुस्करलेल्या बटाट्यात कालवायची. शिजवायची मात्र नाही. शिजवलं की आंबवण्याचा गुण जातो. तेवढी वाटी सासरे चाटूनपुसून संपवायचे. बाकी कशाला हात लावत नव्हते.

अंघोळ करून ओट्याशी येताच तिने बरणी उचलून उजेडात धरली.

"वन्सं, यातलं पाणी कुठं गेलं?"

"कुठं जाणार? ओतलं. केवढं गढूळ, वर बुडबुडे! माझ्या बापाला नासकं खायला घालतेस होय गं?"

"आंबताना ते गढूळच होतं, बुडबुडेही येतात. काप अजून पुरते आंबले नव्हते. तेच तर हवं होतं."

"असेल तुझ्या कँटीनमध्ये."

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "भांडा सावकाश, पण माझी आंबट वाटी आधी द्या."

वन्सं बरणीपाशी सरकल्या. काल रात्री त्यांनीच करून दिलेली खीर बापाने परत पाठवली होती.

"आता गं?" त्यांनी हळूच विचारलं.

भावजयीने फ्रिज उघडला. आधीच्या बरणीतून काल काढून ठेवलेल्या वाटीत मूठभर काप होते, तळाशी चमचाभर जुनं पाणी. काप तिने आजच्या बटाट्यासाठी घेतले. बरणी रिकामी करून तिने भाज्या निथळल्या, उकळून गार केलेलं मिठाचं पाणी भरलं, त्यात ते चमचाभर जुनं पाणी विरजणासारखं सोडलं आणि काप वर येऊ नयेत म्हणून बशी दाबून बसवली.

"होईल ना?"

"फसफसलं तर होईल. नाहीतर नवी लावायची. तोवर बाबा काय खातील, ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी वन्सं चहाच्याही आधी बरणीपाशी गेल्या. न्याहारीला बटाटा नुसताच होता. सासऱ्यांनी दोन घास घेतले आणि वाटी बाजूला सारली.

बरणीतलं पाणी अजून आरशासारखं स्वच्छ होतं.