चढावरचा थांबा

ट्रक म्हातारा झाला होता आणि चढाच्या तिसऱ्या वळणावर त्याला हटकून दम लागायचा. खाणीतून दगड भरून निघालं की तिथे इंजिन कण्हायचं, थरथरायचं आणि बंद पडायचं. ड्रायव्हर हँडब्रेक खेचून मागे कान देऊन बसायचा. थोड्या वेळाने मागच्या चाकाशी 'ठक्' असा आवाज यायचा. गाडी घसरू नये म्हणून चाकामागे लाकडी ठोकळा लावल्याचा तो आवाज.

ठोकळा लावायचं काम त्याच्या थोरल्या भावाचं. पण दोन वर्षांपूर्वी याच वळणावर गाडी मागे आली आणि दादा चाकाखाली जागच्या जागी गेला होता.

हे 'ठक्' त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले असते, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला असेलही! पण तो आवाज ऐकला की त्याच्या जिवात जीव यायचा. मग मागे न बघता तो दादाशी बोलत बसायचा. दादाच्या लेकीच्या शाळेचं, खाणमालकाच्या चिकटपणाचं. आधी इंजिन निवेपर्यंत बोलायचा. हल्ली ते गार पडलं तरी उठायचा नाही.

ट्रक आता वहिनीचा होता. एक दिवस तिने फर्मान काढलं, इंजिनाचा कॅमशाफ्ट बदलायचा.

"मिस्त्री म्हणतात, नव्या कॅमने गाडी चढाला ओढेल. मध्ये थांबायला नको."

"जुनी गाडी ती, वहिनी. कशाला उगाच..."

"एक माणूस त्या वळणाला दिलाय मी, भाऊजी. दुसरा देणार नाही."

गॅरेजात मिस्त्रीने जुना कॅमशाफ्ट काढून त्याच्या हातात ठेवला. "बघ, हे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. झिजून पार गेलेत. इंजिनाला पोटभर हवाच मिळत नाही, मग ते ओढणार काय, कपाळ? नव्याचा घाटच वेगळा आहे. इंजिन हळू फिरत असतानाच जोर देईल."

"मिस्त्री, बसत नाही म्हणून सांगा ना वहिनीला."

"खोटं बोलायची कामं मी घेत नाही. आणि तुझ्या वहिनीपुढे तर नाहीच नाही. ती बाई नुसत्या नजरेने बोल्ट सैल करते."

मिस्त्री गिअरवरच्या खुणा जुळवू लागला तेव्हा एखादा दाता चुकावा आणि गाडी पुन्हा अडावी, अशी ड्रायव्हरने मनोमन प्रार्थना केली. मिस्त्रीचा हात कसला चुकतो!

पहिल्या भरल्या खेपेला वहिनी न विचारता केबिनमध्ये येऊन बसली. तिसरं वळण आलं. इंजिन कण्हलं नाही. खालच्या आवाजात घुमत ते गाडी ओढत राहिलं आणि गाडी वळणावरून पुढे निघाली.

मग मागून पावलं ऐकू आली. कुणीतरी धावत होतं. चपला फटफट वाजत होत्या आणि हातातला ठोकळा मागच्या फाळक्यावर आपटत होता.

त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नका," वहिनी म्हणाली.

"दादा मागे राहिला, वहिनी!" तो बोलून गेला.

तिने मागे पाहिलं नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "माहीत आहे. त्यांच्या चपलांचा आवाज मी ओळखणार नाही का?"

"मग थांबूया ना."

"थांबलो तर आज ना उद्या तुम्ही खाली उतराल. त्यांच्याकडे."

त्याच्या अंगावर काटा आला. मागच्या खेपेला त्याने दाराची कडी काढलीही होती, ठोकळ्याशी जाऊन बसायला. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

पावलं मागे पडत गेली. वहिनीने खिडकीची काच वर केली, मूठ तोंडात कोंबली आणि ताठ बसून राहिली. मागे दादा अजून धावत होता आणि आता तो तिला नावाने हाका मारत होता.