सील फोडलेलं ग्राफिक्स कार्ड

मी एक ग्राफिक्स कार्ड बोलतोय. बोलतोय खरा, पण तुम्ही विश्वास ठेवाल याची मला खात्री नाही. माझ्यावर कुणी चटकन विश्वास ठेवत नाही आणि खरं सांगू का, मीही कुणावर ठेवत नाही. दूरच्या कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथं एकेका कार्डाला चार-चार वेळा तपासायचे. जन्मल्याबरोबर ज्याची झडती होते, तो संशयीच निघणार!

हिरवी पाटी, तिच्यावर चिकटवलेले काळे तुकडे आणि मधोमध एक छोटा पंखा, एवढंच माझं रूप. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावर झरझर चित्रं उमटवायची हे माझं काम. २००३ साली मी नांदेडच्या एका दुकानात काचेमागे होतो. एके दुपारी एक उंच तरुण आला. त्यानं मला तीनदा हातात घेतलं, तीनदा ठेवलं आणि दुकानदाराला प्रश्न विचारून हैराण केलं. याचं लक्षण काही ठीक दिसत नाही, असं मी मनात म्हटलं. त्याचं नाव दिपक.

दिपक डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा. डोंगरकड्यात त्याचा आणि धम्मदीपचा भागीदारीत फोटो स्टुडिओ होता. दोघं पाचवीपासूनचे सोबती. धम्मदीप लग्नांचं शूटिंग करायचा आणि दिपक कॉम्प्युटरवर त्याचं मिक्सिंग. भाऊभाऊ भांडतील, पण हे दोघं भांडायचे नाहीत, असं गाव म्हणायचं.

बसमध्ये दिपकला दम निघेना. अर्धापूर यायच्या आधीच त्यानं खोक्याचं सील फोडलं आणि मला मांडीवर घेतलं. एवढ्या मायेनं मला आजवर कुणी धरलं नव्हतं. गावात पोचेपर्यंत स्टुडिओ बंद झाला होता, म्हणून तो मला तांड्यावर घेऊन गेला. त्याच्या आईनं, जिवनबाईनं, मला उलटंपालटं करून पाहिलं. एवढ्याशा पत्र्यासाठी नांदेड गाठलंस का, म्हणून ती पोट धरून हसली. मग पितळी डब्यांच्या रांगेत मला जागा मिळाली.

सकाळी धम्मदीपनं खोकं हातात घेतलं, फुटलेलं सील पाहिलं आणि मग दिपककडं पाहिलं. ती नजर मी ओळखली. कारखान्यात तपासणारे असंच बघायचे.

तेव्हा लोडशेडिंग होतं. अकराला लाईट आली. दिपकनं मला जागेवर बसवून बटण दाबलं. माझा पंखा गरकन फिरला आणि थांबला. पडदा काळाच. पुन्हा बटण, पुन्हा तेच. मला काढलं की मशीन सुरू, मला बसवलं की ठप्प. दिपकनं खोडरबरानं माझे सोनेरी दात घासले, वायरी बदलल्या, मेमरी काढून परत लावली. फरक शून्य.

माझा संशय मदरबोर्डवर, म्हणजे मला जिच्यात बसवलं त्या मोठ्या पाटीवर होता. तिच्या अंगावर आधीपासून एक जुनी चित्रांची सोय होती. तिची जागा मी घेणार म्हणून या दोघी मिळून खोडा घालत असणार, असं मी धरूनच चाललो. मला माझ्यात काही खोट दिसत नव्हती. कुणाला दिसते?

तिसऱ्या दिवशी धम्मदीपनं नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला. तिकडून आवाज आला, "सील टूटी है ना? फिर बीच में किसने क्या बदला, हम कैसे बोलें?"

फोन ठेवला, पण ते 'बदला' धम्मदीपच्या डोक्यात तसंच राहिलं. तो दिपककडं वळला.

"सील काहून फोडलंस?"

"बघावंसं वाटलं."

"बघावंसं वाटलं? कळमनुरीच्या त्या कॉम्प्युटर क्लासवाल्याकडं तू जाऊन राहिलास, मला म्हाईत हाय. चांगलं कार्ड त्याला देऊन हे मेलेलं माह्या गळ्यात घातलंस, व्हय ना?"

दिपकचा चेहरा उतरला. त्यानं खिशातली स्टुडिओची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला. खरं काय ते दिपकखेरीज फक्त मला ठाऊक होतं. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, पण त्या बसमधल्या मांडीवर मला कधी संशय आला नव्हता. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला पडद्याशिवाय तोंड नाही आणि पडदा तर काळा होता.

पुढचे चार दिवस धम्मदीप एकटाच खटपट करत बसला. त्याची आई पद्माबाई रोज डबा आणायची आणि रोज बोलायची, "मशीनपायी माणूस घालवलास रे लेकरा." तो मान वर करायचा नाही.

पाचव्या दिवशी ती दळणाचा डबा तसाच डोक्यावर घेऊन आली. "सोनाजीची गिरणी बंद हाय. दगडाला टाकी लावून राहिले." झिजलेल्या दगडावर छिन्नीनं घाव घालून तो खरबरीत करायचा, त्या दिवशी दळण बंद. शेजारच्या भिंतीतून ठकठक ऐकू येत होती. धम्मदीपनं सवयीनं बटण दाबलं.

आणि मी सुरू झालो! पंखा फिरतच राहिला, पडदा उजळला, रंग असे उमटले की पद्माबाई डबा उतरवायची विसरली. दुपारी टाकी लावून झाली. सोनाजीनं दगड बघायला मोटर चालू केली. स्टुडिओतला बल्ब मंदावला आणि पडदा काळा.

धम्मदीप गिरणीत धावला. सोनाजी म्हणाला, "मोटर लागली की तुह्या दिव्याचा डोळा बारीक व्हतोच की. धा वर्सं झाली."

लाईट आली रे आली की गावाच्या दळणाची रांग लागायची आणि गिरणी सुरू व्हायची. त्याच घटकेला स्टुडिओतलं बटण दाबलं जायचं. उरलेल्या विजेवर जुनं मशीन कसंबसं भागवत होतं. माझी भूक मोठी, माझ्यापायी ते सगळंच उपाशी राहायचं. मदरबोर्ड निर्दोष होती. लाजेनं मला माझा पंखासुद्धा जड झाला.

धम्मदीप मला खोक्यात घालून तांड्यावर गेला. दिपक अंगणात तुरीच्या काड्या रचत होता.

"गिरणीमुळं झालं रे. व्होल्टेज पडत व्हतं. कार्ड बराबर हाय."

"मला म्हाईत व्हतं बराबर हाय."

"मंग तवाच बोलला काहून न्हाईस?"

दिपकनं हातातली काडी नीट रचली. "तू इचारलंस कुठं? तू तर सांगून राहिला व्हतास."

धम्मदीप उभ्या जागी रडला. दिपकनं त्याला पाणी दिलं, जिवनबाईनं चहा दिला. दुसऱ्या दिवशी दिपक आला. मोठा पॉवर सप्लाय आणि स्टॅबिलायझर बसवला, अडकलेल्या लग्नांचं मिक्सिंग पुरं केलं. लोकांच्या लग्नांचा काय दोष, म्हणाला. महिनाभरानं त्यानं कळमनुरीत स्वतःचं दुकान टाकलं. तिथं जायचा विचार त्याच्या मनात आधी नव्हता. ती वाट त्याला धम्मदीपनंच दाखवली.

आज २००९ साल आहे. नव्या मशीनमध्ये माझ्यासाठी जागा नाही, म्हणून जुन्या निगेटिव्हच्या खणात मी पडून असतो. दोघं लग्नाकार्यात भेटतात, एकमेकांची खुशाली विचारतात. स्टुडिओतलं मिक्सिंग आता धम्मदीप स्वतःच करतो. अधूनमधून काही अडलं की फोनकडं बघतो, पण लावत नाही.

वाचकहो, माझी एकच विनवणी आहे. मशीन अडलं तर एकेक भाग काढून बघा, परत बसवा, काही बिघडत नाही. माणूस मात्र असा काढून बघू नका. तो परत त्या जागी बसत नाही.