प्लस बॉडीला

सुरजमलजींनी लाकडी दांडका नव्या अल्टरनेटरच्या मागे अडकवला, अंगाचा सगळा भार देऊन तो इंजिनापासून बाहेर ताणला आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवून बोल्ट आवळला. मग फॅनबेल्टवर अंगठा दाबून बघितला. पट्टा दबला, पण जेवढा दबायला हवा तेवढाच. "बस्स," ते स्वतःशीच म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून असे उभे राहिले, की जालन्याच्या मस्तगडातल्या त्या गल्लीत कुणी टाळ्या वाजवल्या असत्या तरी त्यांना नवल वाटलं नसतं.

ओट्यावर संतोषबाई मूग निवडत बसल्या होत्या. त्यांनी एकदा वर बघितलं, नवरा धडधाकट उभा आहे एवढी खात्री करून घेतली आणि पुन्हा ताटात मान घातली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोकडून याहून जास्त कौतुक होत नसतं.

गाडी म्हणजे करड्या रंगाची जुनी अँबॅसिडर, सुरजमलजींच्या वडिलांनी घेतलेली. बियाण्यांचं दुकान मुलाकडे, जिनेंद्रकडे, गेलं; कपाटांच्या किल्ल्या सुनेकडे गेल्या; पण या गाडीची चावी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सुरजमलजींच्याच कमरेला होती. जिनेंद्रने अधूनमधून विषय काढून बघितला होता. बाबूजी, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. बाबूजी, हल्ली तुम्ही विसरता, एकाच माणसाला दोनदा निरोप धाडता. त्यावर म्हाताऱ्याचं उत्तर ठरलेलं असे. ज्या दिवशी या गाडीत माझ्या हातून चूक होईल त्या दिवशी चावी माग, उलट बोलणार नाही. एवढं छातीठोक बोलणाऱ्या माणसापुढे मुलगा काय बोलणार? 

आणि चूक झालीच कुठे होती? बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जळला तो ड्रायव्हर भुजंगामुळे. हे सुरजमलजींनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

झालं होतं ते असं. जैनांच्या पर्युषणाचे आठ दिवस वाहनात बसायचं नाही, असा सुरजमलजींचा नियम. नियम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः बॅटरीच्या तारा सोडत, आणि शेवटच्या दिवसाच्या, संवत्सरीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच जोडत. मग भुजंगाला गाडी चालवायला बसवून गावभर फिरत, घरोघरी हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत. यंदाही सकाळी अंघोळ करून, पांढरेशुभ्र कपडे घालून ते दारात आले. दिसेल त्याला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाले, गाडी पुसत असलेल्या भुजंगालाही म्हणाले. तारा जोडल्या. ठिणगी उडाली, ती थोडीफार उडतेच. बोनेट नुसतं टेकवून ते टोपी आणायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तर बोनेट उघडं, इंजिनातून काळा धूर, आणि भुजंगाचा हात बॅटरीवर!

माणसाला आणखी काय पुरावा लागतो? सुरजमलजींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. माझ्या पाठीमागे बॅटरीला हात लावायला तुला सांगितलं कुणी, इतकी वर्षं गाडी चालवून तुला एवढं कळू नये, उद्यापासून येऊ नकोस. क्षमा मागून तासही झाला नव्हता. भुजंगाने एकदा बॅटरीकडे बघितलं, एकदा आवाज ऐकून दारात आलेल्या जिनेंद्रकडे बघितलं, हातातली तार खाली ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. जो बोलत नाही तो चोर, असा सुरजमलजींनी सरळ हिशेब केला.

आता भुजंग काम शोधत होता. परतूरच्या एका कापूस-जिनिंगवाल्याला ड्रायव्हर हवा होता, पण जालन्याची गोष्ट त्याच्याही कानावर गेली होती. आज तो सुरजमलजींना फोन करून विचारणार होता, माणूस कसा आहे म्हणून. त्यांच्या एका शब्दावर भुजंगाची नोकरी होती. तो शब्द त्यांनी सकाळीच ठरवून ठेवला होता: गाडी बरी चालवतो, पण न विचारता हात घालतो. यात खोटं काही नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

राहिलं होतं फक्त बॅटरी जोडायचं. हे तर त्यांना झोपेतही जमलं असतं. पूर्वी या गाडीला डायनॅमो होता, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडायचा. सुरजमलजींनी उमेदीची सगळी वर्षं तसाच जोडला. पुढे त्यांनीच डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला आणि गणित उलटं झालं, मायनस बॉडीला. अल्टरनेटरला उलटी बॅटरी मुळीच सोसत नाही, जोडल्याजोडल्या तो आतून जळतो. दुकानात बियाणं न्यायला आलेल्या माणसाला गाडीशी काही देणंघेणं नसलं, तरी सुरजमलजी हे सगळं त्याला समजावून सांगत.

त्यांनी बॉडीची चपटी पट्टी उचलली आणि तिची कडी बॅटरीच्या एका खांबावर चढवली. सहज चढली. मग लाल जाड तार हातात घेतली. या तारेची कडी दुसऱ्या खांबावर सैल बसणार, काहीतरी भरावं लागणार, हे त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होतं. त्यांनी खिशातून ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी काढली, रिकाम्या बाजूची चांदी फाडली, घडी घातली आणि ती बसवायला कडीत बोट घातलं.

आत चांदीची घडी आधीच होती.

त्यांनी ती नखाने काढली, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरली. हिरवी अक्षरं. हातातल्या गोळ्यांच्या पट्टीवरही तीच हिरवी अक्षरं, तेच गोळीचं नाव. घरात ही गोळी दुसरं कुणी घेत नव्हतं.

आता त्यांनी बॅटरीकडे नीट बघितलं. बॉडीची पट्टी त्यांनी आत्ताही जुन्या सवयीने जाड खांबावर चढवली होती, म्हणजे प्लसवर. तिची लहान कडी त्या जाड खांबावर एरवी बसलीच नसती. ती कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून फाकवली होती, आणि ओरखडा अजून ताजा होता. लाल तार सैल बसणार हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी ती सैल बसलीच होती. त्यांनी लाल तार अशी बाजूला ठेवली, जशी तापलेली कढई ठेवतात.

"काय हो, चक्कर येते का?" संतोषबाईंनी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. पण मडगार्डला टेकून बराच वेळ उभे राहिले. भुजंग हात घालायला गेला नव्हता. धूर बघून तार ओढायला गेला होता. आणि ओढताना त्याला ती कुठे लावली आहे हे दिसलं नसेल, असं तर होणारच नव्हतं. सुरजमलजींना स्वतःची इतकी लाज वाटली की संतोषबाईंकडे बघवेना.

चांदीचा तुकडा एवढासा. गटारात टाकला असता तर विषय तिथेच संपत होता, कुणी विचारायलाही आलं नसतं. तो चिमटीत धरून त्यांनी हा विचार केला, नाही असं नाही. मग दोन्ही चांद्या खिशात घातल्या, पक्कड घेऊन फाकलेली कडी दाबली, मायनस बॉडीला, प्लस लाल तारेला, आणि आत बसून चावी फिरवली. इंजिन एका दमात बोललं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. नवा अल्टरनेटर चार्जिंग करत होता.

आवाज ऐकून जिनेंद्र बाहेर आला. त्याचा चेहरा खुलला.

"मानलं तुम्हाला, बाबूजी. भुजंगानं जाळला आणि तुम्ही एकट्यानं उभा केला."

नेमका तेव्हाच परतूरचा फोन आला. सुरजमलजी गाडीतून उतरले. ओट्यावर जाऊन बोलता आलं असतं, पण ते गल्लीच्या मध्येच उभे राहिले. त्या दिवशी गल्लीने ऐकलं होतं, तर आजही ऐकावं म्हणून त्यांनी आवाज मुद्दाम चढवला.

"माणूस चोख आहे. त्यानं माझी गाडी जाळली असं तुम्ही ऐकलं असेल, तर मीच सांगत सुटलो होतो म्हणून ऐकलं. बॅटरी उलटी जोडली ती मी. त्यानं जीव धोक्यात घालून तार ओढली म्हणून गाडी तरी राहिली. बिलकुल ठेवून घ्या."

फोन बंद करून त्यांनी इंजिन थांबवलं, चावी काढली आणि जिनेंद्रच्या हातात दिली. जिनेंद्रने 'असू द्या' म्हटलं नाही. वाईट त्यालाही वाटलं, ते तोंडावर दिसत होतं, पण चावी त्याने मुठीत घट्ट धरली. सुरजमलजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि निघाले.

भुजंगाचं घर कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे. वाटेत गणपतीच्या मंडपांतली गाणी, रिक्षावाल्यांच्या हाका, ओळखीच्यांचे रामराम. रिक्षा त्यांनी केली नाही. क्षमा मागायचा दिवस तर कधीच होऊन गेला होता, आणि त्या दिवशीचं 'मिच्छामि दुक्कडम्' त्यांना आता तोंडी आणायचं नव्हतं.

दार भुजंगाच्या बायकोने, बेबीनंदाने, उघडलं. शेठजींना घामाने निथळत दारात उभं बघून ती गोंधळली, खुर्ची मांडून पाणी आणायला आत गेली. भुजंग बाहेर आला. नमस्काराला त्याने हात जोडले तेव्हा त्याच्या उजव्या तळव्यावर भाजल्याची काळी खपली दिसली. सुरजमलजींनी तो हात आपल्या हातात घेतला.

"तार ओढताना तुला दिसलं असेल."

"दिसल्तं, शेठजी."

"मंग तिथंच का न्हाई बोललास? मी चार लोकांत तुला काय काय बोलून राह्यलो होतो."

भुजंगाने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. खाली बघत म्हणाला, "जिनेंद्रभाऊ दारात उभे व्हते. म्या बोललो असतो, तर तुमची चावी गेली असती."

आतून पेल्याचा आवाज आला आणि थांबला. बेबीनंदा दाराआड उभी राहून ऐकत असावी.

"गेली," सुरजमलजी म्हणाले. "आत्ताच देऊन आलो. चालत आलो इथपर्यंत."

त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. भुजंग शेजारी ओट्याच्या कडेला टेकला. परतूरहून आत्ताच फोन येऊन गेला, सोमवारपासून या म्हणले, एवढं त्याने हळूच सांगितलं. जा, सुरजमलजी मानेनेच म्हणाले. मग दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. एमआयडीसीतली पाळी सुटली होती, मोटारसायकली एकामागे एक जात होत्या. शेवटी भुजंगानेच विचारलं:

"नवा बराबर चार्जिंग करून राह्यला का?"

सुरजमलजींनी उपरण्याने तोंड पुसलं.

"करणार न्हाई तर काय," ते म्हणाले. "बसवला कुणी?"